दख्खनच्या नद्यांचा पहिला टिपणीस

नांदेड किंवा लातूरच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणारा विद्यार्थी गोदावरीतील अगर मांजरेतील माशांची यादी करावयास बसला, की एक परके नाव त्याच्या वहीत पुनःपुन्हा उतरते. प्राण्याच्या शास्त्रीय नावामागे त्याचे पहिले वर्णन करणाऱ्याचे नाव आणि वर्णनाचे वर्ष लिहिण्याचा प्रघात आहे. त्या प्रघाताप्रमाणे दख्खनच्या कितीतरी माशांपुढे साइक्स हे नाव आणि १८३९ हे साल येते. विद्यार्थी ते उतरून घेतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. ही व्यक्ती कोण, ती या मुलखात कशासाठी आली आणि इथल्या नदीनाल्यांतील मासे तिने का मोजले, हे प्रश्न परीक्षेत विचारले जात नसल्यामुळे बहुधा कोणाला पडतही नाहीत.

खरे तर त्या यादीतील नावेच मोठ्याने वाचून पाहावीत. सींगटी, बोगट, मुल्या, कोलस, नुक्टा, मुरेह, खुद्री. लॅटिनच्या पोशाखात उभी असलेली ही मंडळी आपल्याच गावची आहेत. शिंगटी ही काटेरी मिशाळ मासळी मराठवाड्याच्या आठवडी बाजारात आजही त्याच नावाने विकली जाते. मुल्या म्हणजे पुण्याकडच्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणारा मळ्या. नुक्टा या माशाच्या मुस्कटावर आडवी खाच पडलेली असते आणि त्यामुळे नाक छाटल्यासारखे दिसते; त्याच्या नावात नकटा हा आपला शब्द ऐकू येत नाही असा मराठी माणूस विरळा. जगातील कोणत्याही संग्रहालयात, कोणत्याही भाषेतील ग्रंथात या माशांचा उल्लेख करावयाचा तर दख्खनच्या भोयाकोळ्यांच्या तोंडचे शब्द उच्चारावे लागतात, अशी व्यवस्था कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी करून ठेविली आहे.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. घराणे इंग्लंडातील यॉर्कशायरचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते १८०४ मध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी लॉर्ड लेकच्या सैन्याबरोबर ते भरतपूरच्या वेढ्यात होते. १८१७ मध्ये खडकीच्या आणि त्यानंतर पुण्याच्या लढाईत त्यांनी कंपनीच्या देशी पलटणीचे नेतृत्व केले. ज्या लढायांनी पेशवाई बुडाली त्या लढायांत शत्रुपक्षाकडून लढलेला हा माणूस आहे, हे विसरून त्यांचे चरित्र सांगता येत नाही. आणि तेवढेच लक्षात ठेवूनही ते सांगता येत नाही.

मराठवाड्याशी त्यांचा पहिला ज्ञात संबंध माशांमुळे आलेला नाही, तो लेण्यांमुळे आलेला आहे. निजामाच्या मुलखातील वेरूळला जाऊन त्यांनी तेथील लेणी पाहिली आणि त्यांचे वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लष्करी माणसाला दिसेल ते मोजण्याची आणि मोजले ते लिहिण्याची सवय कशी जडली, हे सांगणे कठीण; पण ती सवय त्यांना पूर्वीपासून होती एवढे यावरून दिसते. १८२० ते १८२४ ही वर्षे त्यांनी युरोपात प्रवासात घालविली. परत आले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर एक वेगळेच काम सोपविले. नव्याने हाती आलेल्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली.

या कामाचा हेतू सरळ होता. मुलूख जिंकला, आता त्यातून वसूल किती यावयाचा हे कंपनीला समजून घ्यावयाचे होते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांतील गावे, माणसे, जमिनीचे प्रकार, पिके, धारे, वतने यांची मोजदाद साइक्स यांनी केली. पुढे १८३७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अहवालात या चार जिल्ह्यांची आकडेवारी त्यांनी मांडली, त्याआधी जमीनधारणेच्या पद्धतींवर स्वतंत्र निबंध लिहिला. तथापि ज्या घोड्यावर बसून ते शेतसाऱ्याचा हिशेब घ्यावयास जात, त्याच घोड्यावरून ते हवेचा दाब टिपीत, पाऊस मोजीत, पक्षी गोळा करीत आणि नदीकाठी थांबून जाळ्यात आलेला मासा पाहात. वायुमानाच्या दैनंदिन भरती-ओहोटीवरचा त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापला. सरकारने त्यांच्याकडून यांपैकी कितीसे मागितले होते हा प्रश्नच आहे. सरकारी कामाच्या कडेकडेने केलेले हे काम आज उरले आहे. ज्या कामासाठी पगार मिळत होता ते इतिहासाच्या अभ्यासकांपुरतेच राहिले.

सरकारांचा स्वभाव त्या काळीही निराळा नव्हता. एल्फिन्स्टन १८२७ मध्ये गेले, सर जॉन माल्कम गव्हर्नर झाले आणि काटकसरीचे वारे सुटले. १८२९ च्या अखेरीस सांख्यिकी अधिकाऱ्याचे पद रद्द करण्यात आले. काम अर्धवट होते. साइक्स यांनी लष्करी चाकरीतून रजा मागून घेतली आणि पद गेल्यावरही मोजदाद चालूच ठेविली. १८३१ च्या जानेवारीत ती पुरी करून ते मायदेशी गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली आणि एका मोठ्या करड्या सातभाईला माल्कम यांचे नाव दिले. आपले पद ज्यांच्या कारकिर्दीत गेले त्यांचे नाव सतत कलकल करणाऱ्या पक्ष्याला द्यावे, यात काही खोडसाळपणा होता की निव्वळ शिष्टाचार, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

त्या यादीत शास्त्राला नव्या अशा पन्नासांहून अधिक पक्ष्यांचा दावा होता. प्रत्येक तळ्याच्या काठी खांदे पाडून उभा असलेला वंचक ऊर्फ ढोकरी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते साइक्स यांनीच. सपाट माळरानावरचा एक चंडोल, बागेत टिवटिवणारा राखी वटवट्या, कड्याकपारींतील धूसर पाकोळी ही त्यांचीच नामावळी. सस्तन प्राण्यांपैकी दख्खनच्या लांडग्याचे वर्णन त्यांनी १८३१ मध्ये केले. बालाघाटच्या उघड्या माळांवर आजही फिरणारा हा प्राणी त्यांनी दिलेल्या पॅलिपिस या नावाने जगभर ओळखला जातो.

माशांकडे ते सर्वांत शेवटी वळले. १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात दख्खनच्या माशांची संक्षिप्त वर्णने आली आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर निबंध निघाला. चाळीसहून अधिक जातींची ही जंत्री प्रामुख्याने भीमा आणि तिला मिळणाऱ्या मुळा-मुठेसारख्या नद्यांतील होती. दख्खनच्या पठारावरील गोड्या पाण्यातील माशांचा इतका मोठा शास्त्रीय आढावा त्यापूर्वी कोणी घेतलेला नव्हता. गंगेच्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा ग्रंथ १८२२ मध्येच निघाला होता. पश्चिमेकडे उगवून पूर्वेला वाहणाऱ्या आपल्या नद्या मात्र कोऱ्याच होत्या.

नावे देताना साइक्स यांनी दोन रीती वापरल्या. काही मासे त्यांनी लंडनच्या विद्वान मित्रांना वाहिले. यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स, ओवेन आणि ब्रिटिश म्युझियममधील चिल्ड्रन ही मंडळी त्यामुळे कृष्णा-गोदावरीच्या पाण्यात कायमची वस्तीला आली. यांपैकी कोणी भीमेत कधी पाय बुडविला नसावा. उरलेल्या बऱ्याच माशांना त्यांनी गावची नावे तशीच ठेविली, इंग्रजी कानाला ऐकू आली त्या वळणाने लिहिली एवढेच. ज्यांनी ही नावे सांगितली, पाण्यातून मासा काढून हातावर ठेवला, त्या भोयाकोळ्यांपैकी एकाचेही नाव मात्र शास्त्राच्या कोशात नाही. मित्रांना मिळालेला मान त्यांना मिळाला नाही. त्यांचे शब्द तेवढे घेतले गेले. हा दोष त्या काळाचा म्हणावा तरी दोषच. पण शब्द घेतले हेही थोडके नव्हे. नंतरच्या काळात शास्त्रज्ञांनी गावच्या नावांची गरजच मानली नाही.

साइक्स यांच्या माशांची पुढील कथा अधिक बोधक आहे. वर्णने त्रोटक होती, मासे कोणत्या गटात मोडतात याविषयी त्यांचे अंदाज पुष्कळदा चुकले होते. मद्रास फौजेतील शल्यवैद्य फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात भारतीय माशांवरचा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना साइक्स यांच्या अनेक जातींची फेरमांडणी करावी लागली. पुढे विसाव्या शतकात डॉ. सुंदरलाल होरा यांनी तेच काम चालविले आणि नकट्या माशाच्या नावावरून नुक्टा असा एक उपगटच उभा केला. फेरमांडणीत काही जाती गेल्या, काही टिकल्या. शिंगटीचे तर असे झाले की, हा मासा गंगेतीलच एक जात आहे असे मानून तिचे नाव दीर्घकाळ हॅमिल्टनच्या नावाखाली दडपले गेले होते. दक्षिणेतील शिंगटी वेगळी आहे असे चालू शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी दाखविले आणि साइक्स यांचे मराठी नाव पुन्हा जागेवर आले.

या सगळ्या घोळाचे मूळ एकच आहे. साइक्स यांच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात सापडत नाहीत. वर्णन आहे, चित्र आहे, नाव आहे. ज्यावरून ते सारे केले तो मासा नाही. शास्त्रात असा प्रसंग आला की उपाय एकच उरतो. ज्या नदीतून मासा आला त्या नदीवर पुन्हा जावयाचे आणि तो शोधावयाचा. साइक्स यांच्या बाबतीत ही नदी म्हणजे पुण्याजवळची मुळा-मुठा. शास्त्रात टॉर खुद्री या नावाने प्रसिद्ध असलेला महासीर, आपला खडशी, त्यांना पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर याच पाण्यात मिळाला होता. आज त्या ठिकाणी जाऊन खडशी शोधणाऱ्याला काय आढळेल हे पुण्यातील शाळकरी मुलालाही सांगता येईल. १९४२, १९६३ आणि २००३ या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या माशांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे शहराचे सांडपाणी नदीचे काय करते ते आकृतीवाचून समजते. या याद्या करता आल्या, त्यांची तुलना करता आली, याचे कारण आरंभाला कोणीतरी एक यादी ठेवून गेले होते.

इथे गोदावरी आणि मांजरेचा प्रश्न उभा राहतो. साइक्स यांची मोजदाद कंपनीच्या चार जिल्ह्यांपुरती होती. निजामाची हद्द लागली की त्यांचे कामही थांबे. वेरूळपर्यंत आलेले हे गृहस्थ नांदेडच्या घाटावर जाळे पाहावयास आले नाहीत. परिणामी १८३० च्या सुमारास भीमेत काय होते याचे उत्तर देता येते. नांदेडच्या गोदावरीत किंवा लातूरच्या मांजरेत काय होते याचे उत्तर भीमेवरून अंदाजाने द्यावे लागते.

आणि या नद्या स्वस्थ बसून राहिलेल्या नाहीत. मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम पावते, लातूरवरून बिदरकडे उतरते, तेलंगणातून वळसा घेते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला मिळते. पावसाळ्यात गोदावरीतून वर चढणाऱ्या माशांची ही वाट निजामाच्याच अमदानीत, १९३१ मध्ये पुऱ्या झालेल्या निजामसागराने अडविली. गोदावरीवर पैठणला जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये उभे राहिले, पुढे नांदेडजवळ विष्णुपुरीचा प्रकल्प झाला, बाभळीचा बंधारा झाला. ही धरणे बांधू नयेत असे मराठवाड्यातील तहानलेल्या माणसाला कोणी सांगू शकणार नाही आणि सांगूही नये. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. माणसाचीच ही गत, तिथे माशाचा विचार कोण करणार, असे कोणी विचारले तर त्यात राग येण्यासारखे काही नाही.

मात्र दख्खनच्या नदीतील मासा हा दुष्काळाला सरावलेला प्राणी आहे. पावसाळ्यात वाहणारी आणि उन्हाळ्यात डोहांची माळ होऊन राहणारी नदी हेच त्याचे घर. उन्हाळा तो डोहात काढतो, पहिल्या पुराबरोबर वर चढतो, उथळ वाहत्या पाण्यात अंडी घालतो. डोहातली वाळू उपसली, वर चढण्याची वाट भिंतीने बंद केली आणि डोहात शहराचे सांडपाणी सोडले, की दुष्काळाला न हरलेला मासा हरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये केलेल्या मूल्यमापनात साइक्स यांनी नावे दिलेले नकटा, पोटेल, सांडखोल आणि चिल्ड्रनच्या नावाचा तो मोठा मिशाळ मासा हे सारे धोक्यात आलेल्यांच्या वर्गात बसविले गेले. यांतील शेवटचे दोन्ही कृष्णा आणि गोदावरी खोऱ्यांचे रहिवासी आहेत. धरणांत त्यांच्या जागी येतात ते कटला, रोहू आणि मृगळ. हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे मत्स्यबीज म्हणून सोडले जातात आणि त्यांवर अनेक कुटुंबांचे पोट चालते. त्यांच्याबरोबर १९५२ मध्ये देशात आलेली तिलापिया आणि बंदी असूनही पसरलेला आफ्रिकी मागूरही येतो. मासळी बाजार भरलेला दिसतो, म्हणून नदी भरलेली आहे असा समज होतो.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले ते नांदेडला, विष्णुपुरीत, म्हणजे गोदावरीच्या साठवलेल्या पाण्याच्या शेजारी. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. उदगीरला मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतील प्राणिशास्त्राच्या अनेक अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी तलावांचे व नद्यांचे पाणी तपासले आहे, विरघळलेला प्राणवायू, क्षार आणि आम्लता यांचे महिन्यामहिन्याचे तक्ते केले आहेत, माशांच्या याद्या जोडल्या आहेत. निजामाच्या हद्दीमुळे राहून गेलेले काम याच लोकांनी हाती घेतले आहे आणि तेही तुटपुंज्या साधनांनी, अध्यापनाचे तास सांभाळून. साइक्स यांनीही ते दुसऱ्याच कामाचा पगार घेत केले होते.

म्हणूनच साइक्स यांच्या चुका या प्रबंधकारांच्या फार उपयोगाच्या आहेत. ज्या यादीतील मासा बाटलीत जपून ठेवलेला नाही, कोणत्या गावी, कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात मिळाला याची चिठ्ठी त्याला बांधलेली नाही, ती यादी पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कोड्यात टाकील. ग्रंथातून नाव शोधून यादीत बसविणे सोपे असते. गंगेची शिंगटी आणि गोदावरीची शिंगटी यांची गल्लत अशाच सोपेपणातून झाली आणि ती सुटावयास दीड शतकाहून अधिक काळ लागला. पदवीसाठी केलेला प्रबंध पदवी मिळताच कपाटात जातो, त्यातील मासे तर त्याही आधी फेकले जातात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील काचेच्या बरण्या, त्यांतील फॉर्मॅलिन वर्षाकाठी बदलणारा सेवक आणि एक नोंदवही, एवढा खर्च कोणत्याही संस्थेला जड नाही. तो होत नाही, कारण तो मागितला जात नाही.

साइक्स १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी लंडनमध्ये मानाची पदे भूषविली. रॉयल सोसायटीचे ते सदस्य होते, १८३४ मध्ये निघालेल्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. १८४० मध्ये ते कंपनीचे संचालक झाले, १८५६ मध्ये अध्यक्ष. म्हणजे दुसऱ्याच वर्षी जिच्याविरुद्ध हिंदुस्थान पेटला त्या संस्थेचे ते प्रमुख होऊन गेले होते. इतकी आकडेवारी जमविलेल्या कंपनीला लोकांच्या मनाचा आकडा लागला नव्हता. १८५७ पासून ते अॅबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसत, ते १६ जून १८७२ रोजी झालेल्या मृत्यूपर्यंत. कंपनी त्यांच्या डोळ्यांदेखत बरखास्त झाली. चार जिल्ह्यांच्या साऱ्याचे आकडे जुने झाले. राहिली ती पक्ष्यांची यादी, लांडग्याचे वर्णन आणि माशांची ती मराठी नावे.

नांदेडच्या आणि कुंडलवाडीच्या काठावर ती नावे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. साइक्स यांच्या यादीत नसलेली, कदाचित कोणत्याच यादीत नसलेली नावेही त्यांच्याकडे असतील. जायकवाडीची भिंत १९७६ मध्ये उभी राहिली. त्यापूर्वीची वाहती गोदावरी स्वतःच्या जाळ्याने चाचपून पाहिलेला भोई आज सत्तरीच्या पलीकडे आहे.